गवताची स्वतःची साखर

नाही नाही नाही, दादा, पाना खाली ठेवा — आधी पाना खाली ठेवा, मग काय ते बोला. हो, कळलं, ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर मघापासून हॉर्न वाजवतोय, ऐकू येतंय मला, आख्ख्या गल्लीला ऐकू येतंय. पण भांडं रिकामं नाहीये. कुणी सांगितलं रिकामं आहे म्हणून? ऑफिसातल्या बाईंनी? त्या कधी या शेडमध्ये पाऊल टाकतात का — इथल्या वासाने त्यांचं डोकं दुखतं, त्या तिकडे बसूनच सगळं सांगतात. आत माल आहे दादा. गवत आहे. शिजवलेलं, धुतलेलं, वर एन्झाइम घातलेलं, आणि आपण इथे उभे राहून वाद घालतोय ना, तेवढ्यात आत काम चाललंय. तुम्ही तो खालचा नट सैल केलात की सगळं त्या मोरीत. मग मी काय करू, मोरीला विचारू काय निकाल लागला म्हणून? संध्याकाळपर्यंत थांबा. एवढंच मागते. संध्याकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर नट उघडायला लागेन, हवं तर.

बसा ना. त्या निळ्या पिंपावर नको — त्यात कॉस्टिक आहे, झाकणावर सांडलेलं असतं, पँटला भोक पडेल आणि खालच्या कातडीलाही. या स्टुलावर बसा. तुम्हाला सांगितलंय ना हे भांडं कुठे न्यायचंय ते? नव्या कारखान्यात. तिथे फाटकाच्या आत चौथरा बांधलाय याच्यासाठी. वापरायला नव्हे हो, बघायला. वापरायला तिथे याच्यापेक्षा कितीतरी मोठी भांडी येणार आहेत, हे आपलं मान म्हणून, इथे पहिल्यांदा झालं म्हणून. काय झालं? — साखर. गवताची साखर. हसा, हसा, सगळेच हसतात, आमच्या सरांना लोक पाठीमागे गवतोबा म्हणायचे, आख्खी हयात त्या माणसाने ते ऐकून घेतलं. पण आहे हो गवतात साखर. गाय काय हवेवर जगते? गवताच्या काडीत साखरेचे लांबच लांब धागे असतात, एकमेकांना बिलगलेले, आणि त्यांच्याभोवती एक चिवट, डिंकासारखा चिकटा असतो, तो काही केल्या सुटत नाही. आमच्या ह्यांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं होतं — आमचे हे शिंपी आहेत — म्हटलं, कॉलरमध्ये तुम्ही ते कडक अस्तर चिकटवता ना, ते आधी उसवल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही, तसंच. कॉस्टिक म्हणजे उसवणं. एन्झाइम म्हणजे कात्री. कात्रीने धाग्याचे बारीक बारीक तुकडे झाले की ती साखर, मग त्या साखरेचं इंधन करा नाहीतर आणखी काही करा. त्यांना लगेच समजलं. म्हणाले, मग तू पण शिंपीणच की. हो, म्हटलं, उलटी.

आता गोम काय आहे सांगू? उसवायला खर्च फार. कॉस्टिक भरपूर लागतं, उष्णता भरपूर लागते, नंतर ते काळं पाणी धुवायला पाणी भरपूर लागतं, आणि एवढं सगळं करून हाती येते ती साखर दुकानातल्या साखरेपेक्षा महाग. म्हणून जगात सगळे इथेच अडकलेत. आणि मी — मी काय केलं, मी कॉस्टिक कमी करत गेले. आधी थोडं कमी केलं, साखर तेवढीच. आणखी कमी केलं, तेवढीच. आच मंद केली — तेवढीच! सरांना दाखवलं, सर खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं. तेच. हे असं कोमट पाण्यात चिमूटभर कॉस्टिक आणि साखर मात्र घसघशीत — दादा, असं कुणाला जमलेलं नाही. कुणालाच नाही. त्याच जोरावर तो कारखाना उभा राहतोय. मोठमोठी माणसं इथे येऊन गेली, या स्टुलावर बसून गेली, नाक दाबून का होईना.

आणि पिशव्या! पिशव्यांचं तर सांगितलंच नाही. ओलं गवत या भांड्यातून उपसायचं म्हणजे नाकी नऊ येतात — लगदा होतो त्याचा, नळ्या तुंबतात, चाळणी तुंबते, माझे हात तर कोपरापर्यंत सोललेले असायचे. एकदा घरी बसून रडत होते. तर हे म्हणाले, वेडे, पिशवीत भर ना. चहाची पुडी असते तशी. गवत पिशवीत, पिशवी कॉस्टिकमध्ये, मग तीच पिशवी उचलून धुवायची, तीच एन्झाइममध्ये टाकायची. साधं होतं की नाही? आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्रीच त्यांनी दोन शिवल्या. जाड कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या, तोंडाला नाडी ओवलेली — नाडीला गाठ मारलेली, निसटू नये म्हणून. माणूस शर्टाची काजंसुद्धा इतक्या निगुतीने करत नाही.

तुमचं लग्न झालंय? मग तुम्हाला कळेल. आमच्याकडे काय आहे, बायको प्रयोगशाळेत आणि नवरा शिंपी. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण संस्थेत काही कार्यक्रम असला की हे मला सोडायला यायचे आणि बाहेर स्कूटरजवळ उभे राहायचे. आत या म्हटलं तर, नको, इथे वारा छान आहे. वारा! कसला वारा, बाहेर ऊन मी म्हणत असायचं. आणि त्या दिवशी, आमच्या साखरेचा आकडा जाहीर झाला त्या दिवशी, सरांनी यांना हाताला धरून आत नेलं, पुढच्या रांगेत बसवलं आणि माईकवर म्हणाले, यातलं अर्धं यश या बाईंचं आणि अर्धं पिशवीचं. सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं — मान खाली, कान लाल, हात गुडघ्यांवर, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखे. मला इतकं भरून आलं दादा, मला वाटलं, मिळालं, आता मला आणखी काही नको. आता नव्या कारखान्याच्या सगळ्या पिशव्या हेच शिवणार आहेत. दुकानाचं शटर कायमचं ओढलं. शर्ट-पँट बंद. दोन बायका हाताखाली ठेवल्यात, पुढच्या खोलीत मशीनं टाकलीत, सकाळी उठल्यापासून घरात नुसती घरघर चालू असते. जेवताना पिशवी, झोपताना पिशवी. ही बाजू मजबूत करू का, ती नाडी बदलू का. म्हणून तर यावेळी मी त्यांना सांगितलंच नाही की पिशवी —

काही नाही. यावेळी जाळी वापरली. स्टीलची. सहज.

सहज म्हणजे सहज, बदल म्हणून. — तुम्हाला काय करायचंय पिशवी का नाही वापरली ते? तुम्ही फिटर आहात, नट बघा. नाही, माफ करा. माफ करा हं. चिडायचं नव्हतं मला. गेले काही दिवस मला झोप नाही, समोरच्याला काय बोलतेय ते कळत नाही. काल ह्यांनी ताट वाढलं आणि मी त्यांना म्हटलं, ठेवा तिथे, सही नंतर करते.

बरं, ऐका. ऐकाच. तुम्ही कुणाला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुमचं कोण ऐकणार, म्हणजे तसं नाही, पण — त्या पिशव्या टिकत नव्हत्या. चार-दोनदा वापरली की विरायची. मी घरी जाऊन त्यांच्यावर ओरडायची, कसलं हो कापड आणता, कॉस्टिक खातंय सगळं. आणि तो माणूस खजील व्हायचा. पुढच्या वेळी आणखी चांगलं कापड आणायचा, आणखी दाट, निव्वळ सुती, मग दुहेरी, मग तिहेरी. आणि इकडे माझी साखर वाढायची. मला वाटायचं, काय माझा हात बसलाय! आणि मग एका सोमवारी मी सकाळी झाकण उघडलं, चिमट्याने पिशवी वर ओढली — आणि वर आली ती नुसती शिवण. कापडच नाही. दोरा तेवढा शिल्लक, पॉलिस्टरचा दोरा वापरतात ना हे, मजबूत म्हणून — तर तो दोरा, दुहेरी टाके, तळाचा चौकोन, बाजूच्या दोन रेघा, सगळं जसंच्या तसं चिमट्याला लोंबतंय आणि मध्ये काही नाही. पिशवीचं चित्र काढावं तसं. आणि गवत? गवत खाली तळाला बसलेलं. अख्खं. काडी न् काडी ओळखू येत होती.

आता विचारा, कापड कुठे गेलं? विचारा ना! — कापूस म्हणजे काय दादा? कापूस म्हणजे तेच धागे, साखरेचेच, आणि त्यांच्याभोवती चिकटा नाही, काही नाही, निखळ, आयते. कात्रीला आणखी काय पाहिजे? आणि वर मी त्याला कॉस्टिकने अंघोळ घातलेली, म्हणजे आणखीच मऊ. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मला माहीत होतं. सरांना माहीत होतं. इथे आलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आणि सगळ्यांनी ती पिशवी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, वा, काय शिवण आहे. तुलनेला म्हणून आम्ही दर वेळी नुसतं पाणी आणि एन्झाइम ठेवायचो. रिकामी पिशवी नाही ठेवली कधी. कशी ठेवणार? पिशवी म्हणजे पिशवी, ती काय प्रयोगात असते का? ती तर भांडं-कुंडं, चमचा, तसलं काहीतरी. मग मी ठेवली. दार लावून घेतलं आणि ठेवली. रिकामी पिशवी, त्यात गवताची एक काडी नाही. आणि साखर आली दादा. घसघशीत.

म्हणून कॉस्टिक कमी केलं तरी साखर तेवढीच. आता कळलं का? गवत उसवलंच जात नव्हतं. त्याला कॉस्टिक कमी पडो की जास्त, त्याचा काही संबंधच नव्हता. सरांनी माईकवर म्हटलं अर्धं यश पिशवीचं — मी त्या दिवशी हसले होते सगळ्यांबरोबर.

नाही सांगितलं. कुणालाच नाही. हे समोर बसून नाडी ओवत असतात, मला म्हणतात, बघ, ही नवी गाठ, आता कितीही ओढ. मी काय म्हणू? म्हणू का, तुमची पिशवी मी शिजवून खाल्ली आणि त्यावर तुम्हाला पुढच्या रांगेत बसवलं? एकदा तर असं मनात आलं — तुम्हाला सांगते, कुणाला नाही सांगितलं — मनात आलं, गप्प बसावं. कारखाना चालू होऊ दे. पिशव्या आहेतच. यांनी शिवायच्या आणि मी विरघळवायच्या. साखर निघेल, आकडा जमेल, सगळे खूश. चांगल्या कापडाची साखर करायची, काय डोकं आहे! हसू नका. तुम्ही नाही हसलात? मग मीच हसले असेन.

तर हे आत आहे ते शेवटचं. जाळीत भरलंय, सुताचा एक धागा नाही आत, मी माझा रुमालसुद्धा बाहेर ठेवला. तेच गवत, तेवढंच कॉस्टिक, तीच मंद आच. गवताची स्वतःची साखर किती ते कळेल. निम्मी जरी निघाली ना, निम्मीसुद्धा नको, थोडीफार बरी निघाली — तर मी सरांना एवढंच सांगेन की आकडा जरा खाली आला, आणि ह्यांना सांगेन की आता नायलॉनचं कापड घ्या, सुती नको. ते घेतील. ते मी सांगेन ते घेतात. मशीनं चालू राहतील, तो माणूस पुढच्या रांगेत बसेल. कुणालाही काही कळायची गरज नाही. आणि नाही निघाली तर — नाही निघाली तर मला सगळं थांबवावं लागेल. म्हणून म्हणते थांबा. संध्याकाळपर्यंत आत काम होऊ दे, मग —

हो. गार आहे भांडं. हात लावलात वाटतं. हो, माहीत आहे मला.

कोमट हवं ते. बरोबर आहे तुमचं. हीटर मी सकाळीच बंद केला. — काम संपलंय दादा. सकाळीच संपलं. नमुनाही काढून ठेवलाय, त्या तिथे, खिडकीत, स्टँडवर. डावीकडची नळी गवताची. उजवीकडच्या नळीत मी मुद्दाम साखर घातली आहे, तुलनेला. दोन्हीत ते पिवळं औषध घातलंय. आता नुसतं उकळत्या पाण्यात ठेवायचं. साखर असली तर पिवळ्याचं लाल होतं, विटेसारखं लाल, नसली तर पिवळ्याचं पिवळं. चहा होतो तेवढ्या वेळाचं काम. आणि मी सकाळपासून इथे उभी आहे, या खिडकीशी, आणि शेगडीचं बटण दाबायला हात उचलत नाहीये. तुम्ही आलात तेव्हा मला खरं तर बरं वाटलं. भांडायला कुणीतरी मिळालं.

काय म्हणालात? — आत्ता? — नको. — बरं. बरं, लावा. ते बटण उजवीकडे. शेगडीवरच्या पातेल्यात पाणी आहे. तुम्हीच ठेवा त्या नळ्या, सावकाश, वरच्या टोकाला धरा, हं, अशा. तिरप्या राहू देत. आता उकळू द्या.

तुम्हाला मुलं आहेत? — दोन? छान. आम्हाला नाही. लोक म्हणायचे, काहीतरी हवं घरात. मग पिशव्या आल्या, घर भरलं. त्या शिवणाऱ्या बायका यांना मास्तर म्हणतात. काल म्हणे एकीची शिवण वाकडी गेली, तर हे तिला म्हणाले, बाई, हे विज्ञानाचं काम आहे, इथे वाकडं चालत नाही. रात्री मला मोठ्या तोऱ्यात सांगत होते. मी पांघरुणात तोंड घातलं. — उकळलं का? बुडबुडे मोठे यायला हवेत. मी नाही बघत. मी पाठ करून उभी राहते, तुम्ही बघा आणि मला सांगा. तुमचं यात काही नाही, तुम्ही बरोबर सांगाल. तुम्हाला कुणाची भीड नाही, कशात गुंतायचं नाही, रंग दिसला की रंग सांगायचा, लाल तर लाल, पिवळा तर पिवळा. — अजून? — जरा राहू दे आणखी. — देवा, होऊ दे रे. थोडीशी. विटकरी नको, नारिंगी चालेल, अगदी फिकट नारिंगीसुद्धा चालेल मला, मी काही हावरट नाही. — आता? आता झालं असेल. बाहेर काढा. उजेडात धरा.

बोला ना.

लाल?

लाल म्हणालात? डावीकडची? उजवीकडची नाही ना पाहिलीत — त्यात मीच साखर घातली होती — नाही, डावीकडची, डावीकडचीच? नक्की? अहो दादा! अहो, तुमच्या तोंडात साखर पडो! लाल! लाल म्हणजे — थांबा, मला आधी बसू द्या. निघाली म्हणजे, गवताची निघाली, स्वतःची निघाली, मी उगाच जीव टांगणीला लावला, उगाच त्या माणसाशी तुटक वागले, आज घरी गेले की आधी — द्या, द्या इकडे, मला बघू द्या तो रंग. द्या ना. हात मागे का घेताय? नळी आहे ती दादा, फुटेल. द्या.

पिवळी आहे ही.

स्वच्छ पिवळी आहे. टाकली होती तशीच. लाल ती दुसरी. तुमची काही चूक होण्यासारखी नव्हतीच, आंधळ्यालाही कळावं इतका फरक आहे. — नाही, खाली बघू नका. मी रागावले नाही. तुम्ही मला ओळखतसुद्धा नाही. माझं नाव तुम्हाला माहीत नाही, मघाशी तुम्ही पाना घेऊन आलात आणि मी तुमच्यावर धावून गेले. आणि मी सांगितलं होतं, रंग दिसेल तो सांगा. तुमच्याने एवढंसुद्धा मला तोंडावर सांगवलं नाही.

आता मी घरी जाऊन काय सांगू? — नका सांगू. तुम्ही काही सांगू नका आता. खालचा नट उघडा, जाऊ दे सगळं मोरीत, न्यायचं तर न्या भांडं. नाही, थांबा, ते नंतर करा. आधी जरा बाहेर जा. जा ना दादा. ड्रायव्हरशी बोलत बसा थोडा वेळ, आणि दार ओढून घ्या. मला ह्यांना फोन करायचाय.